पाळी जाण्याआधीची वर्षं

रजोनिवृत्तीची तारीख त्या दिवशी कुणालाच कळत नाही. पाळी येऊन जाते, आणि ती शेवटची होती हे ठरायला पुढचे सलग बारा महिने कोरडे जावे लागतात. मग मागे मोजून सांगायचं की गेल्या वर्षी अमुक महिन्यात पाळी गेली. वैद्यकशास्त्राची व्याख्या एवढीच आहे: बारा महिने पाळी नाही, आणि त्यामागे गरोदरपण, अंगावर पाजणं, एखादं औषध किंवा दुसरा आजार असं काही कारणही नाही. बायका ज्याला ‘पाळी जायचा त्रास’ म्हणतात, तो मात्र बहुतेकदा या दिवसाच्या कितीतरी अलीकडे सुरू झालेला असतो.

भारतात पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. युरोप-अमेरिकेत ते वय एक्कावन्नच्या आसपास आहे. त्याआधीचा संक्रमणाचा काळ साधारण चार वर्षांचा. कुणाला दोनच वर्षं, कुणाला आठही लागतात. या हिशेबाने अनेक मराठी बायकांच्या शरीरात हे बदल चाळिशी गाठतानाच सुरू होतात. चाळिशीची बाई मात्र स्वतःला या विषयाच्या जवळपासही धरत नाही. मुलगी नववीत असते, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं असतं, ऑफिसात बढतीचं चाललेलं असतं. छातीत धडधडलं की ती हृदयाच्या डॉक्टरांकडे जाते, खांदा आखडला की हाडांच्या. रात्री तीनला जाग येऊन परत डोळा लागत नाही, त्याचं खापर ती मोबाइलवर फोडते. या सगळ्याचा आणि पाळीच्या बदललेल्या तारखांचा काही संबंध असेल असं तिला कुणी सांगितलेलं नसतं. पुष्कळदा डॉक्टरांनीही विचारलेलं नसतं.

सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत सांगितला आहे. शरीराचं हे वेळापत्रक तेव्हापासून फारसं हललेलं नाही. आयुष्य मात्र लांबलं. आज भारतीय बाईचं सरासरी आयुर्मान सत्तरीच्या पुढे गेलं आहे, म्हणजे पाळी गेल्यावरही तिच्यापुढे पंचवीसेक वर्षं असतात. आयुष्याचा तिसरा हिस्सा ज्या बदलानंतर जगायचा, तो बदल नेमका कसा घडतो हे समजून न घेण्याची किंमत मोठी असते. महाराष्ट्रातल्या हजारो बायकांनी ती गर्भाशय गमावून मोजली आहे. पण तिकडे वळण्याआधी शरीरात काय होतं ते पाहायला हवं.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माला येईपर्यंत त्यातली दहा-वीस लाख उरतात, पहिली पाळी येते तेव्हा तीन-चार लाख. ही बीजं पुन्हा वाढत नाहीत. उभ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात. पाळी जाते तेव्हा हजारभर किंवा त्याहूनही कमी शिल्लक राहिलेली असतात.

वाढणाऱ्या बीजाभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात. त्याने गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होतं. बीज बाहेर पडलं की मागे राहिलेला भाग प्रोजेस्टेरॉन बनवू लागतो आणि ते या वाढत्या अस्तराला आवर घालतं. म्हणून एरवी पाळी ठरल्या दिवशी येते आणि बेताने येते. बीजं कमी झाली की एखाद्या महिन्यात बीज बाहेरच पडत नाही. मग प्रोजेस्टेरॉन बनत नाही. इस्ट्रोजेन मात्र बनतच राहतं. शिवाय अंडाशय ऐकत नाही म्हटल्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडते, आणि त्या रेट्याने काही महिने इस्ट्रोजेन पूर्वीपेक्षाही वर जातं. आवर घालणारं कुणी नाही, अस्तर वाढतंच आहे, आणि दीड-दोन महिन्यांनी ते एकदम सुटतं. गाठी पडतात, आठ-दहा दिवस अंगावरून जात राहतं, रात्री उठून पॅड बदलावं लागतं.

‘वय झालं, हार्मोन कमी झाले’ हे ठरलेलं वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. सुरुवातीच्या वर्षांत ते कमी होण्याआधी वर-खाली हेलकावतात. एकाच बाईची एका आठवड्यात छाती जड होऊन डोकं ठणकतं, आणि पुढच्याच आठवड्यात तिला वाफा आल्यासारखं होऊन घाम फुटतो. दोन्ही खरं असतं. हे आपल्या मनाचे खेळ आहेत असं तिला वाटू लागतं ते मात्र खरं नसतं.

या काळाचे टप्पे ठरवण्यासाठी २०११ मध्ये वेगवेगळ्या देशांतले तज्ज्ञ एकत्र बसले. त्यांनी लावलेली मोजपट्टी घरच्या घरी वापरता येण्याइतकी सोपी आहे. लागोपाठच्या दोन पाळ्यांमधलं अंतर सात किंवा अधिक दिवसांनी मागेपुढे व्हायला लागलं, आणि असं पुन्हा पुन्हा झालं, की संक्रमण सुरू झालं असं समजावं. एखादी पाळी साठ दिवस किंवा त्याहून जास्त लांबली की उत्तरार्ध सुरू झाला. शेवटची पाळी तिथून साधारण एक ते तीन वर्षांवर असते. स्वयंपाकघरातल्या ज्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्यावरच एक खूण करत गेलं तर डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळतं. पंचेचाळिशीनंतर यासाठी हार्मोनच्या महागड्या तपासण्यांची सहसा गरज नसते. एफएसएच या काळात आठवड्या-आठवड्याला बदलतं. आज वाढलेलं दिसलं म्हणून पाळी गेली असं होत नाही. तपासायचं असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासावं. थायरॉइड बिघडला तरी थकवा, धडधड, घाम आणि पाळीतली गडबड अशीच होते. हिमोग्लोबिनचं म्हणाल, तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. आधीच रक्त कमी, त्यात दहा दिवसांचा स्राव, मग जिना चढताना दम लागणारच.

आणि बीडची गोष्ट सुरू होते ती इथेच, अंगावरून जाण्याच्या त्रासापासून.

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीला माणसं निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची असते. एक दिवस काम चुकलं तर खाडा पडतो आणि वर दंड बसतो. राहायचं कोपीत. संडास नाही, पुरेसं पाणी नाही, पाळीचं कापड धुवायला-वाळवायला आडोसा नाही. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. या दिनक्रमात जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, कंबर धरते, पाळीत अती स्राव होतो. बाई दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते आणि सांगितलं जातं की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. तीन मुलं झालेली असतात. पाळीचे खाडे पडतात ते वेगळेच. कर्ज काढून ऑपरेशन होतं.

२०१९ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आणि पाठोपाठ विधिमंडळात गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा जणींमागे एक. त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. राष्ट्रीय सर्वेक्षणांत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधलं देशभराचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. त्या मानाने बीडचा आकडा केवढा मोठा आहे हे लगेच कळतं. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने खासगी रुग्णालयांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक केलं. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

दोष एकट्या बीडच्या दवाखान्यांवर टाकून भागणार नाही. उचल, खाडा आणि पाण्याविना कोपी ही व्यवस्था ज्यांनी चालू ठेवली त्यांचाही त्यात वाटा आहे. पण या सगळ्याच्या तळाशी एक अज्ञान आहे आणि ते शहरातल्या शिकलेल्या घरांतही सापडतं. चाळिशीतल्या बाईची पाळी बिघडली, की ‘आता काय करायचीय ती पिशवी, टाका काढून’ हे घरातलंच कुणीतरी म्हणतं, आणि प्रेमाने म्हणतं. गर्भाशय हे मूल वाढवायचं ठिकाण. ते काम झालं, आता त्याचा उपयोग नाही, असा तो हिशेब असतो.

या हिशेबात अंडाशय विसरले जातात. पाळीचं तंत्र चालवतात ते मेंदू आणि अंडाशय. गर्भाशय त्यांचं ऐकतं. गर्भाशय काढून अंडाशय ठेवले तर स्राव थांबतो, पण हार्मोनचे हेलकावे, वाफा, न लागणारी झोप यातलं काहीच थांबत नाही. उलट अंडाशयांचा रक्तपुरवठा कमी होऊन पाळी जाण्याची अवस्था काही वर्षं आधीच येऊ शकते, आणि पाळी येतच नसल्याने ती कधी आली हे त्या बाईला कळतही नाही. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर दहा वर्षांत सावकाश व्हायचं ते एका दिवसात होतं. ऑपरेशनच्या टेबलावरून उठते तीच रजोनिवृत्त बाई, मग ती बत्तीस वर्षांची का असेना. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा स्त्रियांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आहे. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय काढले आणि नंतर इस्ट्रोजेनही दिलं नाही, तर हृदयविकाराचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो असं त्यातून दिसलं. हाडं ठिसूळ होतात ती वेगळीच. फडात मोळी उचलणाऱ्या बाईसाठी ठिसूळ मणका म्हणजे तिची रोजीरोटीच जाणं.

अती स्रावावर कापाकापीच्या अलीकडचे उपाय आहेत आणि ते नवेही नाहीत. रक्ताची गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जपानमध्ये १९६२ मध्ये शोधलं गेलं. उताको ओकामोतो या स्त्री-संशोधकाने पतीबरोबर ते शोधून काढलं. ही गोळी स्वस्त आहे आणि पाळीच्या त्या तीन-चार दिवसांतच घ्यायची असते. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी अस्तराला आवर घालता येतो. मिरेनासारखं, कॉपर-टीच्या आकाराचं साधन गर्भाशयात बसवलं की ते तिथल्या तिथे थोडं थोडं हार्मोन सोडत राहतं. बऱ्याच जणींचा स्राव त्याने अगदी कमी होतो आणि त्याचा परिणाम अनेक वर्षं टिकतो. लोहाच्या गोळ्या तर हव्यातच. शंका आली तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवता येतो आणि कॅन्सर आहे की नाही हे त्यातून कळतं. मोठ्या गाठी असतील, गोळ्यांना दाद न देणारा स्राव असेल, तपासणीत खरोखर काही निघालं असेल, तर गर्भाशय काढणं योग्य ठरतं आणि त्याने बाईची सुटकाही होते. पण हा शेवटचा पर्याय आहे. ‘पिशवीला सूज आहे’ एवढ्या एका वाक्यावर तो निर्णय व्हायला नको, आणि झाला तरी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होऊ नये. शिवाय, अंडाशय ठेवणार की काढणार, हा प्रश्न प्रत्येक बाईने ऑपरेशनआधी विचारायलाच हवा.

आता वाफांविषयी. छातीतून गळ्याकडे, चेहऱ्याकडे उष्ण लाट चढते, कपाळ घामाने डबडबतं, एक ते पाच मिनिटांत ओसरते आणि मग थंडी वाजते. बसमध्ये, मीटिंगमध्ये, हळदीकुंकवात, कुठेही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात शरीराचं तापमान राखणारी यंत्रणा असते. एरवी थोडंफार कमी-जास्त तापमान ती चालवून घेते. इस्ट्रोजेन उतरलं की तिची सहनशक्ती आकसते. तापमान किंचित वाढलं तरी शरीर तापल्यासारखी ती कामाला लागते, रक्तवाहिन्या रुंदावते, घाम सोडते. ॲरिझोना विद्यापीठातल्या नाओमी रान्स यांनी निधनानंतर अभ्यासासाठी मिळालेले मेंदू तपासले, तेव्हा रजोनिवृत्त स्त्रियांच्या मेंदूतल्या याच भागातल्या काही पेशी फुगलेल्या आढळल्या. हा धागा पुढे अनेकांनी धरला आणि त्यातून या पेशींचा निरोप अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध तयार झालं. त्यात हार्मोन नाही. अमेरिकेत त्याला मे २०२३ मध्ये परवानगी मिळाली. यकृतावर परिणाम होऊ शकतो म्हणून ते घेणाऱ्यांना रक्ततपासण्या मात्र कराव्या लागतात. मृत बायकांच्या मेंदूतून निघालेली एक लहानशी नोंद तीस वर्षांनी जिवंत बायकांच्या उपयोगी पडली.

हा त्रास किती दिवस? अमेरिकेत १९९० च्या दशकापासून हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारा ‘स्वान’ नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. ज्यांना वारंवार वाफा येत होत्या, त्यांच्यात हा काळ साधारण साडेसात वर्षांचा निघाला. ‘वर्षभर कळ काढ, जाईल आपोआप’ हा सल्ला देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्याच अभ्यासातून मनाला दिलासा देणारं एक निरीक्षणही पुढे आलं. नवं काही शिकण्याचा वेग या संक्रमणाच्या वर्षांत मंदावतो आणि पाळी गेल्यावर पुन्हा पूर्वपदावर येतो. फ्रिजचं दार उघडून आपण कशाला आलो होतो हे न आठवणाऱ्या बाईला आपल्याला विसराळूपणाचा आजार जडला असं वाटून रात्रीची झोप लागत नाही. तिला हे सांगायलाच हवं. मात्र नैराश्याला कमी लेखू नये. या वर्षांत त्याचा धोका खरोखर वाढतो, विशेषतः पूर्वी कधी, बाळंतपणानंतर वगैरे, तसा त्रास होऊन गेला असेल तर. ‘हल्ली फार चिडचिड करते’ असं घरातले म्हणत असतात, तेव्हा त्या चिडचिडीच्या आत आठवड्याभराची न झालेली झोप आणि काहीच नकोसं वाटणं असू शकतं.

सगळीकडे सगळ्यांना सारखंच होत नाही. मार्गारेट लॉक या मानवशास्त्रज्ञ बाईंना १९८० च्या दशकात जपानी बायका वाफांपेक्षा आखडलेल्या खांद्यांविषयी जास्त बोलताना आढळल्या. त्याआधी मार्शा फ्लिंट यांनी राजस्थान आणि हिमाचलातल्या राजपूत स्त्रियांचा अभ्यास केला होता. पाळी गेल्यावर तिथल्या बायकांचा पडदा सुटायचा, त्या पुरुषमंडळींत येऊन बसू शकायच्या. आणि त्रासाविषयी जवळपास कुणीच बोललं नाही, असं त्यांनी १९७५ मध्ये लिहिलं. हा दाखला हौसेने दिला जातो: बघा, आपल्याकडे हे थेर नव्हते! तो फसवा आहे. नंतरच्या भारतीय पाहण्यांत सांधेदुखी, थकवा, निद्रानाश, वाफा, सगळं भरपूर सापडलं. पाळी गेल्यावर मान वाढतो म्हणून मन हलकं होतं, हे खरं असेल. महाराष्ट्रातही ‘सुटले बाई एकदाची’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणी आहेत, आणि त्यांना तसं मनापासून वाटतं. पण विचारणाऱ्याला बाईने त्रास सांगितला नाही, याचा अर्थ तिला तो झाला नाही असा होत नाही.

जो त्रास सगळ्यात कमी सांगितला जातो, तो कोरडेपणाचा. योनीची त्वचा पातळ होते, जळजळते, संबंधाच्या वेळी दुखतं, लघवीला वरचेवर जावं लागतं, लघवीच्या मार्गाला पुन्हा पुन्हा संसर्ग होतो. वाफा कधी ना कधी ओसरतात, हे मात्र आपणहून बरं होत नाही, वाढत जातं. बायका वर्षानुवर्षं प्रतिजैविकं घेत राहतात किंवा नवऱ्यापासून लांब झोपायला लागतात, आणि त्या दुराव्याचा दोघंही वेगळाच अर्थ लावून बसतात. जागच्या जागी लावायचं इस्ट्रोजेनचं मलम यावर चांगलं चालतं. त्यातलं रक्तात फार थोडं उतरतं.

‘हार्मोन’ हा शब्द ऐकला की पुष्कळ जणी आणि त्यांचे डॉक्टरही मागे सरतात. त्याला इतिहास आहे. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन अमेरिकेत १९४२ पासून बाजारात आलं. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने पुस्तक लिहून ते चिरतारुण्याचं औषध म्हणून गाजवलं. १९७५ मध्ये कळलं की एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या बाईला त्याच्या जोडीने प्रोजेस्टेरॉन देतात. मग आला जुलै २००२. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड प्रयोगातला १६,६०८ स्त्रियांचा भाग मध्येच थांबवण्यात आला, कारण औषध घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या जास्त दिसल्या. जगभर मथळे झाले आणि बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. मथळ्यांत दोन गोष्टी आल्या नाहीत. स्तनाच्या कॅन्सरची वाढ दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला आठ एवढी होती. आणि प्रयोगातल्या स्त्रियांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हे औषध मुळात असतं त्यांच्याहून त्या दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या. पुढे वयानुसार आकडे तपासले तेव्हा पन्नाशीतल्या स्त्रियांचं चित्र बरंच सौम्य निघालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा ठळक धोक्याचा इशारा बराचसा काढून टाकण्याची घोषणा केली.

म्हणून सगळ्यांनी हार्मोन घ्यावेत असं नाही. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास खरोखर असह्य असेल तर बहुतेक निरोगी स्त्रियांना फायदा जास्त आणि धोका कमी, असं आजचं मत आहे. त्वचेवर लावायच्या जेलमधून घेतलं तर गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी असतो. स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, यकृताचा गंभीर आजार झालेल्यांना, आणि स्रावाचं कारण न कळलेल्यांना ते देत नाहीत. त्यांच्यासाठी फेझोलिनेटंटच्या आधीपासूनचे दुसरे उपायही आहेत: काही नैराश्यविरोधी औषधं अगदी लहान मात्रेत, गॅबापेंटिन, विचारांची सवय बदलणारं समुपदेशन. ‘हार्मोन बॅलन्स’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्ण-पावडरींना असा भक्कम पुरावा नाही. याउलट चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या, किंवा अंडाशय काढलेल्या तरुण बायकांनी नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घेणं हा उपचाराचा भागच असतो; घेतले नाहीत तर हाडं आणि हृदय लवकर म्हातारी होतात. बीडच्या त्या बायकांना ऑपरेशनबरोबर हे कुणी सांगितलं असेल का, हा प्रश्न मनातून जात नाही.

हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते ती शेवटच्या पाळीच्या वर्षभर आधीपासून नंतरच्या दोन वर्षांपर्यंत. या वयात दिवसाला हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त. नाचणीची भाकरी, ताक आणि तिळाची चटणी हे जेवण या बाबतीत कुठल्याही डब्यातल्या पावडरीपुढे कमी पडत नाही. मात्र कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि हाडांवर भार पडेल असं काम हवं: भरभर चालणं, जिने चढणं, वजन उचलणं. नुसत्या प्राणायामाने हाड घट्ट होत नाही. याच काळात वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चरबी मांड्यांवरून पोटावर सरकते, आणि तोवर पुरुषांपेक्षा कमी असलेला हृदयविकाराचा धोका त्यांची बरोबरी करू लागतो. पन्नाशीच्या बाईचा रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तपासावी. घरात नवऱ्याची तपासणी ठरते त्याच दिवशी तिचीही ठरवता येते.

गर्भधारणेचं भय मात्र लगेच संपत नाही. पाळी दोन-दोन महिने येत नाही म्हणून निर्धास्त झालेल्या चव्वेचाळीस-पंचेचाळिशीच्या बायकांना दिवस गेल्याची उदाहरणं प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाकडे असतात. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यावी, असा नियम आहे. मुलींनी आईला एक प्रश्न आवर्जून विचारावा: तुझी पाळी कितव्या वर्षी गेली? हे वय बरंचसं वारशाने येतं, आणि आईची चाळिशीतच गेली असेल तर मुलीने तिशीतच सावध राहिलेलं बरं.

बारा महिने कोरडे गेले, वर्षं लोटली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी अचानक डाग दिसला, तर बाई सहसा कुणाला सांगत नाही. उष्णता झाली असेल म्हणते, सब्जाचं पाणी पिते, लाजते. तिशीतल्या बाईची पिशवी कॅन्सरच्या भीतीने काढली जाते आणि जिला खरोखर तपासणीची गरज आहे ती घरात गप्प बसते. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेल्या सुमारे दहा जणींमागे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. उरलेल्या नऊजणींचं कारण बहुतेक वेळा साधंच असतं, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. डाग एकदाच दिसला, थेंबभरच होता, तरीही त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावं. सोनोग्राफीत अस्तराची जाडी चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर बहुधा काळजीचं कारण नसतं. जास्त असेल, किंवा स्राव पुन्हा झाला, तर तुकडा काढून तपासतात. हा कॅन्सर रक्तस्रावाने लवकर लक्षात येतो, आणि गर्भाशयापुरता असतानाच सापडला तर बहुतेक बायका शस्त्रक्रियेने बऱ्या होतात.